सेल उतरलेलं गाणं

मामा, तुमच्या नातीनं गाणं केलंय. देवाचं नाही, लग्नाचं नाही. बेंगळूरला नोकरी करता करता दोन मित्रांना जमवून, कानाला ते मोठे डबे लावून, कॉम्प्युटरवर केलेलं हल्लीच्या पोरांचं गाणं. आणि सगळं गाणं कशासाठी, तर जुन्या सिनेमाच्या गाण्यांना हात जोडायला. सुरुवातीला रेडिओची खरखर आहे, मग पंधरा-वीस व्हायोलिनं एकदम येतात, तबला येतो, आणि पोरगी गाते, थोडं कन्नड, थोडं हिंदी. ज्या गाण्यांनी आमच्या आईबापांना प्रेम करायला शिकवलं त्या गाण्यांनो, असं काहीतरी. आमच्या आईबापांना म्हणे! तिच्या बापानं, तुमच्या चिरंजिवांनी, मला पहिल्या वर्षी 'चहा हाय काय' याच्यापलीकडं एक शब्द विचारला नव्हता. पण ते असू दे. मध्यावर सगळी वाद्यं थांबतात, आणि एकटा क्लॅरनेट वाजतो. सावकाश. इतका सावकाश, की मला पहिल्यांदा वाटलं मोबाईल बिघडला. मग कळलं, आणि मी गिरणीच्या दारात पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिले.

ते तुमचं गाणं आहे, मामा. म्हणजे गाणं सिनेमाचंच, तो हीरो बर्फात पळतो नि ती पुढं पळते ते. पण वाजवलंय तुमच्यासारखं. तिनं बेंगळूरच्या एका चांगल्या वादकाला बोलावलं होतं. तो आपला भराभरा वाजवायचा, आणि ही चार वेळा थांबवून म्हणाली, निम्म्यावर आणा, अजून, अजून. शेवटी तोंडानं गाऊन दाखवलं तेव्हा त्याला जमलं. आता गाणं लोकांत सोडायचं आहे, आणि पोरीचा हट्ट असा, की त्या क्लॅरनेटच्या आधी मी चार वाक्यं बोलायची. 'आई, तुझ्या आवाजात, आपल्या भाषेत. आज्जा हे गाणं असं सावकाश का वाजवायचा ते सांग.' तिच्या मित्रानं त्याचं कारण आधीच लिहून ठेवलंय. 'जंगलाचा श्वास.' जोयड्याच्या दाट रानात राहणाऱ्या एका कलावंतानं म्हणे सिनेमाच्या धावत्या गाण्याला जंगलाचा श्वास दिला. जंगलाचा श्वास! माझं डोंबल. कारण काय होतं ते जगात एकट्या मला ठाऊक आहे, आणि तीस वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालासुद्धा नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहिते. खरं सांगावं तर तुमचं हसं होईल की माझं, हे मला कळत नाही, आणि खोटं सांगावं तर तुमच्याबद्दल माझ्या जिभेनं ते होत नाही.

मी तुमच्या घरी सून म्हणून आले ती मे महिन्याच्या अखेरीला. खानापूरजवळच्या गावातली मी, घरात लाईट, ओट्यावर रेडिओ, सिनेमाची गाणी तोंडपाठ. दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून जरा नाकानं कांदे सोलणारी. आणि दिग्गीच्या वाटेवरचं तुमचं घर म्हणजे पुढं चार तुकडे भाताची जमीन, मागं लगेच रान. सुप्याच्या धरणाची वीज डोंगरावरच्या तारांतून कुठल्या कुठं जायची आणि आमच्या स्वयंपाकघरात चिमणी. मी पहिल्या आठवड्यात दोनदा रडले, दोन्ही वेळा धुराचं निमित्त करून. पण घरात एक टेप होता. चार सेलांवर चालणारा, तुम्ही फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेला. पावसाळ्यात शेतातनं आलात की अंग पुसून तुम्ही तो मांडीवर घेणार, रामनगरच्या बाजारातनं आणलेली नवी कॅसेट घालणार, एक ओळ ऐकणार, थांबवणार, क्लॅरनेटवर ती ओळ काढणार, पुन्हा ऐकणार. चार महिने पाऊस, चार महिने शिकणं. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू, आणि तुमचा सहा माणसांचा बँड लाल कोट घालून वाड्या-वाड्यांतनं निघणार. तुम्हाला नोटेशन येत नव्हतं, हिंदी निम्मं कळत नव्हतं, आणि तरी त्या टेपासमोर तुम्ही शाळेतल्या पोरासारखे मांडी घालून बसायचात. ते बघून मला पहिल्यांदा त्या घरात बरं वाटलं.

आता सेलांचं. पहाटे अंधारात परसाकडं जायचं म्हणजे मला जीव मुठीत धरावा लागायचा. त्याच महिन्यात शेजारच्या वाडीत अस्वल दिसलं होतं, आणि सासूबाई रोज त्याचं वर्णन नव्यानं करायच्या. घरातली बॅटरी, ती दोन सेलांची लांबडी, काजव्याएवढा उजेड द्यायची. नवे सेल मागायचे कुणाला? तुमच्या चिरंजिवांशी बोलणं नाही, सासूबाईंना सांगावं तर 'आमी जल्म काढला अंधारात' हे ऐकावं लागणार, आणि तुमच्यासमोर तर मी पदर नाकापर्यंत ओढून उभी. मग एक दिवस तुम्ही शेतावर गेला असताना मी फळीवरचा टेप काढला, त्यातले दोन नवे सेल बॅटरीत घातले आणि बॅटरीतले दोन मेलेले टेपात. मधे दोनदा दाराशी जाऊन वाटेकडं बघून आले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. तुम्ही संध्याकाळी टेप लावला आणि मी चुलीमागनं कान देऊन बसले. टेप बंद पडला नाही. रडायला लागला. तो बर्फातला हीरो म्हशीसारखा हंबरत पळत होता, आणि हिरॉईनीचा आवाज पुरुषाच्या आवाजाला टेकला होता. मला वाटलं, आता तुम्ही सेल काढून बघणार. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, क्लॅरनेट ओठाला लावलात आणि जसं ऐकलं तसं वाजवायला लागलात.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य, 'मामा, सेल उतरलेत.' एवढंच. पण मग 'कशानं उतरले गे, परवाच आणलेत की' हा प्रश्न आला असता. म्हणून गप्प बसले, आणि पुढं तुम्ही सेल आणले तेव्हा पुन्हा तेच केलं. पावसाळा संपेपर्यंत तीनदा. तुमचा ढोलवाला घरी येऊन तालीम करायचा, त्याचे हातही त्याच रडक्या चालीला बसले. मी भाकऱ्या थापत ते ऐकायची आणि मनात म्हणायची, लग्नात कुणीतरी सांगेल यांना, आपोआप सुधारेल.

पहिलं लग्न नंदिगड्ड्याकडं, नात्यातलंच होतं. मोटार खाली रस्त्यावर थांबलेली, तिथनं नवरीच्या घरापर्यंत सगळा चढ, वऱ्हाड पायी. मी बायकांत चालते आहे, नवी सून म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आणि तुम्ही ते गाणं सुरू करता. उघड्या रानात, एवढ्या माणसांसमोर, ते असं लांबलचक ओढत यायला लागलं, आणि मला हसू फुटलं. भीतीचं हसू होतं ते, मामा, पण हसणं ते हसणंच. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते. तुम्ही वळून बघितलंत. क्लॅरनेट ओठातच होता, गाल फुगलेले, आणि डोळे माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसलात. सासरे तिथं येऊन बसत नाहीत, म्हणून सासूबाई भांडी घेऊन मुद्दाम बाहेर गेल्या. मी नाचणीच्या पिठात हात घालून, मान खाली.

'काल हसलीस,' तुम्ही म्हणालात.

मी पीठ मळत राहिले.

'हसायचं असंल तर घरात हस की. वरातीत माणसं आदी तुज्याकडं बगत्यात, मग माज्याकडं बगत्यात.' मग, 'तुज्या म्हायेरात ते गाणं कसं हाय? म्हण बगूया.'

सासऱ्यासमोर सिनेमाचं गाणं! मी नाही नाही म्हणाले, पण तुम्ही उठेनात. शेवटी भिंतीकडं तोंड करून म्हटलं, खऱ्या चालीत, धापा टाकत. तुम्ही उंबऱ्यावर बोटानं ठेका धरलात, आणि संपल्यावर मान हलवलीत. 'व्हय. असंच असंल त्ये. त्यो हीरो एकटाच पळतोय. त्याच्या मागनं म्हातारी न्हाई, कुनाच्या डोस्क्यावर रुखवत न्हाई. आमची वरात चढ चढतीया. चाल म्हंजे चालाय पायजे, पोरी. काल एक तरी म्हातारी मदी बसली काय?' मी आठवून बघितलं. कुणीच बसलं नव्हतं. नवऱ्या मुलाची आजी, काठीवाली, सगळ्यात पुढं होती. तुम्ही उठताना म्हणालात, 'गाणं चुकलं म्हनून हसू नगं. वरात थांबली तर हस.' तोंडात मारल्यासारखी मी बसून राहिले. राग नव्हता तुमच्या बोलण्यात, म्हणून जास्त लागलं.

पण रामनगरला चढ नव्हता. तिथल्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न, आम्हा बायकांनाही आमंत्रण, सपाट डांबरी रस्ता, नवऱ्या मुलाकडनं बेळगावचा मोठा बँड आलेला, तीस माणसं, पितळ लखलखतंय. त्यांनी तेच गाणं वाजवलं, खऱ्या वेगात, आणि पोरं उड्या मारून नाचली. मग तुमची पाळी आली. तुमच्या ढोलवाल्याचे हात दुसरं काही जाणतच नव्हते. तुम्ही सुरू केलंत, आणि गर्दीतनं एक पोरगा ओरडला, 'अरे, सेल बदला रे मास्तरचे!' सगळा रस्ता हसला. बायका हसल्या, नवरा घोड्यावर हसला. तुम्ही न थांबता शेवटपर्यंत वाजवलंत. घाम कानामागनं लाल कोटाच्या कॉलरमध्ये उतरताना मला दिसत होता. मला तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, कारण तो पोरगा गंमत म्हणून जे ओरडला ते अक्षरशः खरं होतं, आणि सेल माझ्या उशाखालच्या बॅटरीत होते.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी तुम्ही सहा सेल आणलेत. दर वेळी चार आणायचात. चार टेपात घातलेत, आणि दोन माझ्या चुलीजवळच्या कोनाड्यात मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेत. मी विचारलं, हे कशाला? 'असू देत. घरात दोन जास्त असलेलं बरं,' म्हणालात आणि पाय धुवायला गेलात. तेव्हापासून तुम्ही जाईपर्यंत दर खेपेला सहा. एकदाही चुकलं नाही. मी कितीदा स्वतःला विचारलं, तुम्हाला कळलं होतं का? कळलं असतं तर माणूस एक शब्द तरी बोलला असता, टोमणा तरी मारला असता, असं म्हणून मी मनाची समजूत घालायची. माझ्या माहेरी एवढ्या गोष्टीवरनं आठ दिवस भांडण चाललं असतं, आणि भाऊबंदांना पत्रं गेली असती.

गंमत अशी, की ताजे सेल घातल्यावर टेपावर गाणं खऱ्या वेगात पळायला लागलं, तुम्ही ते ऐकलंत, आणि तरी पुढच्या लग्नात पुन्हा सावकाशच वाजवलंत. नवी गाणीसुद्धा शिकायचात पळती आणि वाजवायचात चालती. रामनगरची बोलावणी कमी झाली, पण डोंगरातल्या वाड्या दुसरा बँड बोलवेनात. म्हाताऱ्या म्हणायच्या, 'ह्यांच्या वरातीत दम लागत न्हाई.' पुढं मला पोर झाली, ती तर चालायला लागायच्या आधी तुमच्या खांद्यावर बसून वरातीत हिंडली. एका हातानं तुमची टोपी धरायची, दुसऱ्या हातानं ढोलवाल्याला खुणावायची. तिला ते गाणं पहिल्यांदा टीव्हीवर दिसलं तेव्हा ती मला म्हणाली होती, 'आई, हे लोक किती घाई करायलेत!' ती नऊ वर्षांची असताना तुम्ही गेलात. तुमच्या मागं बँड टिकला नाही, आम्ही रामनगरला आलो, तुमच्या चिरंजिवांनी गिरणी टाकली. ते आता माझ्याशी पुष्कळ बोलतात, काळजी करू नका.

तुमचे उपकार मोजायला बसले तर वही पुरायची नाही, आणि तुम्हाला ते आवडायचंही नाही. पण एक सांगते. मला त्या घरात पहिल्यांदा 'म्हण बगूया' तुम्ही म्हणालात. सून म्हणजे ऐकणारी, आणि तुम्ही उंबऱ्यात बसून माझं ऐकलंत. नंतर दर पावसाळ्यात नवी कॅसेट आली की मला हाक मारायचात, ह्या ओळीचा अर्थ काय गे, हा शब्द काय हाय. मी हिंदीचा अर्थ सांगायची, निम्मा ठोकून द्यायची, आणि तुम्ही मान हलवून तो क्लॅरनेटवर वाजवायचात. गावाच्या शाळेत मला बालवाडीला शिकवायला घेतलं ते तुम्ही जाऊन बोललात म्हणून. 'आमची सून शिकलेली हाय, हिंदी येतंय तिला,' असं तुम्ही तिथं छाती काढून म्हणाला होतात, हे मला फार नंतर कळलं.

काल इथवर लिहून वही मिटली, आणि आज दुपारी पोरीचा फोन आला. आई, आज बोल, उद्या गाणं पाठवायचंय. मी म्हटलं, आधी ते जंगलाच्या श्वासाचं काढून टाक. का म्हणाली. तेव्हा गिरणी बंद करून, दार ओढून, मी तिला सगळं सांगितलं. अस्वल, बॅटरी, टेपातले दोन सेल, रामनगरचा तो रस्ता. तीस वर्षं गिळलेलं पाच मिनिटांत बाहेर आलं. म्हटलं, तुझ्या आज्जाची कला-बिला काही नव्हती सुरुवातीला, तुझ्या आईची चोरी होती, आणि त्यापायी त्या माणसाचं भर रस्त्यात हसं झालं. आता तू ठरव, काय सांगायचं लोकांना.

तिकडं पोरगी हसायला लागली. मला वाटलं, झालं, हसं व्हायचं ते झालं.

'अगं आई, मला ठाऊक हाय की. म्हणून तर तुला बोलायला सांगायले.'

मी म्हटलं, कुणी सांगितलं तुला?

'आज्जानं. आम्ही भात राखायला शेतातल्या माळ्यावर बसायचो ना, तेव्हा. मी विचारलं होतं, टीव्हीतलं गाणं पळतंय नि तुझं का चालतंय. तर म्हणाला, तुझी आई नवी होती, अस्वलाला भ्यायची. मागायची काय न्हाई, पण माझे दोन सेल पळवायची. पहिल्याच दिवशी कळलं त्याला, टेप उघडून बघितला होता. मी म्हटलं, मग तू ओरडला न्हाईस? तर म्हणाला, कशाला वरडू? परक्याच्या घरातनं आलेली पोर, पाणीसुदा इचारून प्यायची. तिनं माझ्या टेपाला हात घातला, तवा मला वाटलं, चला, आता हे घर तिला आपलं वाटाय लागलं.' मग अगदी तुमच्यासारखा आवाज काढून म्हणाली, 'गाणं सिनेमाचं हाय गे, पर चाल तुज्या आईची हाय. मी ती बदलनार न्हाई.'

नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलंत, मामा, आणि मला नाही. एवढी वर्षं मी तुमची गुन्हेगार होऊन वावरले, आणि तुम्ही माझी चोरी क्लॅरनेटवर वाजवत रानभर हिंडलात! एकदा, एकदा तरी सांगायचं होतं. रागावले मी तुमच्यावर, खरंच रागावले, आणि त्या रागातच मला रडू आलं.

पोरगी तिकडनं म्हणते आहे, आई, रेकॉर्डिंग चालू केलंय, बोल. आई? मी तिला म्हटलं, थांब, चुलीवर दूध उतू चाललंय, आणि फोन ठेवून दिला.

चुलीवर दूध नव्हतं, मामा.